हिरव्याशेजारी हिरवा

कचऱ्याच्या डब्यात आज मला वायरची तीन कापलेली टोकं सापडली आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागत नाही. आमच्याकडे असे तुकडे सापडणं नवं नाही. माझी मुलगी लोकांच्या घरांत नेटच्या वायरी टाकते, राउटर बसवते. तिच्या खिशातून, पिशवीतून, एकदा तर उशीखालूनही ते निघालेत. पण ही तिन्ही टोकं एकाच जागी चुकलेली होती. पारदर्शक प्लगमधून आतल्या रंगीत तारा स्वच्छ दिसत होत्या: पांढऱ्या-हिरव्याच्या शेजारी हिरवा.

हे चुकीचं आहे हे मला कळतं, कारण तो क्रम मीच तिच्याकडून पाठ करून घेतला होता. मी इतिहास घेऊन पदवी केली. सनावळ्या घोकायची सवय. त्याच सवयीने जेवणाच्या टेबलाशी बसून तिचे रंग घोटून घेतले. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, मग निळा, पांढरा-निळा, आणि त्यानंतर हिरवा. शेवटी तपकिरीची जोडी. हिरव्याच्या जोडीला फोडून मध्ये निळी जोडी बसते. शिकाऊ माणूस हमखास तिथे चुकतो, असं तीच सांगायची. शिकत होती तेव्हा ती स्वतः कधी चुकली नाही. अकरा वर्षांनी आज चुकली, तीही तीनदा.

आमचे हे तिला लहानपणापासून पक्कड म्हणतात. एखादी वस्तू हातात धरली की सोडायची नाही म्हणून. पुढे तिने धंदाच असा निवडला की खरीखुरी पक्कड तिच्या हातात आली, तेव्हा हे महिनाभर स्वतःच्याच विनोदावर हसत होते.

तिची कामाची एक पद्धत आहे. नव्या घरी गेली की पहिला तासभर पिशवी उघडत नाही. नुसती बसते. कोण कुठल्या खोलीत बसतं, किती वाजता बसतं, कुणाचं काम मध्येच तुटलं तर चालतं आणि कुणाचं नाही, हे विचारते. भिंतींवर टकटक करून बघते. मग कागदावर घराचा नकाशा काढते आणि त्यानंतर कुठला राउटर ते सांगते. लोक वैतागतात. "अहो, डबाच बसवायचाय ना? स्थळ बघायला आल्यासारखं काय विचारताय?" असं एका बाईंनी तिला तोंडावर विचारलं होतं.

या कामात तिच्याबरोबर तिचा कॉलेजातला मित्र होता. शिडीशिवाय छताला हात पोचतो म्हणून तो लांब्या. सहा वर्षं दोघांनी मिळून काम केलं. ती डोकं लावायची, तो माणसं सांभाळायचा. आमच्या घरी तो स्वतःच कपाट उघडून कप काढायचा आणि "काकू, साखर संपली हं," असं मलाच सुनवायचा. गेले पाच महिने तो आलेला नाही.

बिनसलं ते एका राउटरवरून. दातांचे एक निवृत्त डॉक्टर आहेत. तीन मजली घर. वर त्यांची सून घरून काम करते, परदेशातल्या बैठकांत नेटवरून बसून तिथल्या तिथे भाषांतर सांगते. वाक्याच्या मध्ये नेट गेलं की तिचं काम बुडालं. त्यात डॉक्टरांचे कॅमेरे, नातवाचे खेळ. आमच्या टेबलावर दोन खोकी मांडून दोघं भांडत बसले होते. एक पांढरा, अँटेनावाला, नेहमीचा. दुसरा राखाडी पत्र्याचा. त्याला अँटेनाच नाही, सगळं काम वायरीने. दोन कंपन्यांच्या लाइनी त्यात येतात. एक गेली की दुसरी आपोआप उचलते. प्रत्येक खोलीची वाट वेगळी ठेवता येते, कुणाला आधी जाऊ द्यायचं ते ठरवता येतं.

"सुनेसाठी हाच," माझी मुलगी म्हणाली.

"आणि सून गावाला गेली की? डॉक्टरांना स्वतःचा चष्मा सापडत नाही. ते याच्या सेटिंगची सतरा पानं उघडणार?"

"मी आहे ना."

"तेच तर. तू किती ठिकाणी असणार?"

"मग तो पांढरा लाव आणि दर आठवड्याला शिव्या खायला तू जा."

"मी खाईन की. माझी उंची आहे, कानापर्यंत पोचतच नाहीत."

ती हसली नाही. मी हसले, तर माझ्याकडेच डोळे वटारले.

राखाडी बसला. आणि बसला तो उत्तमच, हेही सांगायला हवं. महिन्याभरात रस्ता खणताना कुणीतरी एक लाइन तोडली. दुसरीने उचललं, सुनेचं एक वाक्यही तुटलं नाही. माझी मुलगी घरी येऊन सांगत होती, "आई, कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही गं!" तिचा इतका फुललेला चेहरा मी त्यानंतर पाहिलेला नाही.

मग तिने तसेच राउटर आणखी तेरा घरांत बसवले. काही घरांना गरज होती, काहींना नव्हती. बसवताना प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट केली: पासवर्ड फक्त स्वतःकडे ठेवला आणि काही बिघडलं की संदेश यायला फक्त स्वतःचा नंबर दिला. लांब्याने पासवर्डची वही मागितली. ती म्हणाली, "तू काहीतरी बदलशील आणि मला सांगायचा विसरशील. चाव्या माझ्याकडेच राहू देत."

"मग घरंही तुझ्याकडेच राहू देत," असं म्हणून त्याने कप धुतला, पालथा घातला आणि गेला. चिडून गेलेला माणूस कप धुऊन ठेवतो का? मला तेच अजून लागून राहिलंय.

तेव्हापासून चौदा घरं तिच्या फोनमध्ये राहतात. जेवताना टुंग, बोलताना टुंग. डॉक्टर तर संदेशाचीही वाट बघत नाहीत. परवा ती आंघोळीला गेली होती, फोन मी उचलला.

"लाल दिवा लागलाय," डॉक्टर म्हणाले.

"नेट बंद आहे का?"

"नेट मस्त चालू आहे. पण दिवा लाल आहे."

"ती आंघोळीला गेलीय हो."

"असू दे, असू दे. मी धरतो."

आणि खरंच धरला त्यांनी, तब्बल बारा मिनिटं. तेवढ्यात मला दातांची निगा कशी राखायची ते सांगितलं. बिचारे वाईट नाहीत. एका लाइनीचा दिवा लाल होतो, दुसरी चालू असते, घाबरण्यासारखं काही नसतं, हे तिने त्यांना दहा वेळा समजावलंय. पण लाल दिवा बघून माणूस स्वस्थ कसा बसेल? मी तरी बसले नसते.

ती वाळलीय. पानावर बसते आणि अर्ध्यातून उठते. यांना सांगितलं तर हे म्हणतात, "कामाचं वय आहे, तू उगाच जीव टांगणीला लावून घेऊ नकोस." मी तसा लावून घेते हे खरं आहे. शाळेच्या सहलीच्या वेळी मी बसच्या टायरांची चौकशी केली होती, ते घरात अजून ऐकवतात.

पण आज संध्याकाळी ती टोकं मी तिच्यासमोर टेबलावर ठेवली.

"हे काय गं?"

तिने एक उचललं, डोळ्यांजवळ नेलं.

"मला वाटलं प्लगच खराब आहेत," म्हणाली. "म्हणून कापून परत केलं. तिन्ही वेळा नीट तपासून लावलं, आई. तपासूनसुद्धा दिसलं नाही."

"एक दिवस सुट्टी घे."

"आणि फोन कोण घेणार?"

मग तिने ते टोक नखाने टेबलावर फिरवत फिरवत म्हटलं, "लांब्याने पाहिलं असतं तर ही टोकं गळ्यात बांधून फिरवलं असतं मला." जरा थांबून, "डॉक्टरांकडे त्याचंच बरोबर होतं गं. म्हणजे राउटर माझा बरोबर होता. पण त्याचंही बरोबर होतं."

"मग फोन कर त्याला."

"काय सांगू? ये, आता वही देते म्हणून? पाच महिन्यांनी?"

"हो. तेच सांग."

"तू ना, आई, यात पडू नकोस." आणि तेवढ्यात टुंग झालं, ती फोन घेऊन उठून गेली.

आता रात्रीचा पाऊण वाजलाय. ती टोकं अजून टेबलावरच आहेत. तिने 'पडू नकोस' म्हटलंय, आणि एकतीस वर्षांच्या मुलीच्या भांडणात आईने पडू नये हे मलाही कळतं. तिला समजलं तर आठवडाभर माझ्याशी बोलणार नाही. पण शिडीवर उभी राहून ती विजेच्या पेटीशेजारीही हात घालते. तिथली चूक हिरवा-निळा चुकण्याइतकी स्वस्त नसते.

लांब्या लवकर उठतो, सहाला चालायला जातो. त्याला फार काही सांगायचं नाही. वहीचं मी बोलणार नाही, ते तिचं तिनेच द्यावं. एवढंच विचारेन, की तिने तीनदा हिरव्याशेजारी हिरवा लावलाय, तू येऊन बघतोस का. बाकीचं त्याला कळेल.

सकाळी सातला ती आंघोळीला जाईल. बारा मिनिटं मिळतात. तेवढ्यात करते फोन.