टँकरच्या वर्षी बँकॉकला

आमच्या घराला बाहेर जेवायची सवय लागली ती हातात पैसा खेळायला लागला म्हणून नाही. भांडी घासायला पाणी नव्हतं म्हणून लागली.

दुष्काळाचं ते सलग दुसरं वर्ष. जायकवाडी धरणात तळाचं पाणी उरलं होतं आणि आमच्या सिडकोतल्या नळाला आधी चार दिवसांनी, मग सहा दिवसांनी पाणी यायला लागलं. शहर मात्र त्याच वर्षी चहूकडून फुगत होतं. आमच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर बघता बघता तीन मजले चढले. जालना रोडला सारखं एखादं नवीन हॉटेल उघडायचं. करमाडकडं जाताना जिथं तुरी दिसायच्या तिथं मोटारींच्या शोरूम चमकायला लागल्या. बांधकामाला टँकर, हॉटेलला टँकर, आम्हालाही टँकर. गल्लीत दारोदार निळे ड्रम उभे.

घरात आम्ही तिघं. मी विमा कार्यालयात, नवरा शेंद्र्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर, आणि सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते. सगळी नोकरी वैजापूरच्या दवाखान्यात नर्स म्हणून केली आणि निवृत्त झाल्यावर आमच्याकडं राहायला आल्या. नोकरी सुटली तरी शिस्त सुटली नव्हती. पाणी उकळलेलंच हवं, नखं कापलेलीच हवीत, आणि बाहेरचं खाणं बंद म्हणजे बंद. "हॉटेलात खाऊन आडवे झालेले पेशंट मी लई बघितलेत," हे त्यांचं शेवटचं वाक्य असायचं.

एकदा पाचव्या कोरड्या दिवशी मी ऑफिसातून आले तर मोरीत कढई, कुकर, दोन पातेली आणि सकाळची ताटं तशीच. ड्रममध्ये तळाला दोन तांबे पाणी. नवरा दारातच म्हणाला, "चला, आज बाहेर जेवू. भांडी त्यांची, पाणी त्यांचं."

"हॉटेलवाला काय ढगातून आणतो व्हय पाणी?" आई म्हणाल्या. "त्याच्याकडं बी टँकरच येतो. आपली भांडी त्याच्या मोरीत टाकायची, एवढंच झालं की हे."

बोलणं बरोबर होतं, पण त्यावर स्वयंपाक होत नव्हता. शेवटी त्या लुगड्याचा पदर नीट करत निघाल्या, तपासणीला निघाल्यासारख्या.

जालना रोडच्या त्या हॉटेलात वेटर पाणी घेऊन आला तसं त्यांनी त्याला सांगितलं, "हात दाखव." तो बिचारा गोंधळून माझ्याकडं बघायला लागला. मी मान खाली घातली. त्यानं हात पुढं केले, आईंनी दोन्ही बाजूंनी बघितले आणि म्हणाल्या, "डाव्या अंगठ्याचं नख वाढलंय." मग त्या उठून थेट भटारखान्यात गेल्या. मॅनेजर त्यांच्या मागं धावला. पाच-सात मिनिटांनी दोघं परत आले ते गप्पा मारत. मॅनेजरची आई वैजापूरची निघाली, आणि त्याच्या धाकट्या बहिणीच्या बाळंतपणात आई ड्यूटीवर होत्या. त्या दिवशी आम्हाला शेवभाजीबरोबर पापड फुकट मिळाले, आणि बाहेरच्या जेवणावरची बंदी उठली.

मग पाचव्या आणि सहाव्या दिवशी बाहेर जेवायचं, हे ठरूनच गेलं. आईंना तर चटकच लागली. शहागंजच्या एका जुन्या खाणावळीत त्यांनी पहिल्यांदा नान-खलिया खाल्ला, मटणाच्या त्या तर्रीदार रश्श्यात नान बुडवत दोन नान संपवले, आणि आचाऱ्याला भेटायचं म्हणाल्या. म्हातारा आचारी हात पुसत बाहेर आला. त्यांची कीर्ती त्याच्यापर्यंत पोचली असावी, कारण आल्या आल्या त्यानं पंजे पसरले. "देख लो अम्मा, बराबर कटे हैं." आईंनी खरंच बघितले.

असंच एकदा जेवण यायची वाट बघत असताना नवऱ्यानं मोबाईल पुढं केला. बँकॉकचं तिकीट त्या आठवड्यात, आम्ही मागं गोव्याला गेलो होतो तेव्हाच्या तिकिटापेक्षा, स्वस्त पडत होतं. सामान फक्त पाठीवरच्या पिशवीत मावेल एवढं, विमानात जेवण नाही, तारखा त्यांच्या सोयीच्या.

"तिथं सगळे बुद्धाला मानतात म्हणं," आई म्हणाल्या.

"मानतात."

"मग मी बी येते. पण चौदा एप्रिलच्या आत मला घरी आणून सोडायचं. जयंती चुकवून मी स्वर्गात बी जाणार नाय."

म्हणून तेराच्या संध्याकाळचं परतीचं तिकीट काढलं. तोवर माझी मार्चअखेर उरकणार होती, साहेबांनी रजा दिली. आईंचा पासपोर्ट तेवढा नवा काढायचा होता. त्यांची जन्मतारीख एक जून, म्हणजे शाळेत घालताना मास्तरांनी त्यांच्या मनानं लिहिलेली. "खरी कोणाला ठाऊक," त्या चौकशीला आलेल्या पोलिसाला म्हणाल्या, "पण तुमचा चेहरा लाल दिसतोय, बसा जरा." त्याचा रक्तदाब त्यांनी घरच्या यंत्रावर मोजला आणि मीठ कमी करायला सांगितलं. पासपोर्ट वेळेत आला.

मुंबईपर्यंत रेल्वे, पुढं विमान. विमानात आम्ही तिघांनी आईंच्या पिशवीतले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. शेजारच्या सीटवरचा माणूस इतक्या आशेनं बघत होता की त्यालाही एक दिला.

बँकॉकचं आमचं हॉटेल एका अरुंद गल्लीत होतं. खोली एवढीशी, पण स्वच्छ. आईंनी पिशवी ठेवली आणि पहिल्यांदा नळ सोडून बघितला. पाणी आलं. त्यांनी बंद केला, पुन्हा सोडला, पुन्हा आलं. मी तोंड धुवायला गेले तोवर त्यांनी चहाची किटली, दोन्ही ग्लास, आमच्या बाटल्या आणि कचऱ्याची कोरी बादली काठोकाठ भरून ओळीनं मांडली होती.

"आई, इथं चोवीस तास पाणी असतं," नवरा म्हणाला.

"असं आपल्याला बी वाटायचं," त्या म्हणाल्या.

गल्लीच्या तोंडाशी एक खाणावळ होती. पत्र्याखाली चार टेबलं, प्लास्टिकची स्टुलं, एका कोपऱ्यात फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती आणि तिच्यापुढं मोगऱ्यासारख्या फुलांची माळ. मालकीण आईंच्याच वयाची, केस घट्ट बांधलेले, एकटीच रांधायची आणि वाढायची. आईंनी हात पुढं करून दाखवले आणि तिच्या हातांकडं बोट केलं. तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं हसून आपले हात आईंच्या हातात दिले. नखं बारीक कापलेली होती. "इथंच जेवायचं," आईंनी जाहीर केलं, आणि पुढचे चारही दिवस आम्ही दोन्ही वेळा तिथंच जेवलो. नवऱ्यानं वेगवेगळ्या ठिकाणांची यादी करून आणली होती, ती तशीच राहिली.

पहिल्या दिवशी भात, त्यावर तुळशीसारख्या पानांत परतलेला खिमा आणि वर तळलेलं अंडं आलं. मग तिनं उभ्या खलात कच्च्या पपईचा कीस, शेंगदाणे, लसूण, मिरच्या घालून कुटायला सुरुवात केली. आई उठून तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. "अगं, ही तर पपईची चटणीच करतीय," त्या मला म्हणाल्या. चव घेतल्यावर डोळ्यांत पाणी आलं, पण बोलल्या, "मिरची आपल्यासारखीच हाय. साखर कशाला घालती कळंना."

पाण्याचा घोटाळा मात्र मी विसरणार नाही. तिथं बर्फाचं पाणी न मागता मिळतं आणि ग्लास रिकामा झाला की लगेच भरतात. आमच्याकडच्या हॉटेलांनी त्या वर्षी मागितल्याशिवाय पाणी देणं बंद केलं होतं, आणि दिलेलं पाणी टाकून उठणं आईंच्या लेखी पाप होतं. त्यामुळं त्यांनी ग्लास संपवला की मालकीण भरायची, आणि भरला म्हणून आई तो संपवायच्या. दोघीही एकमेकींचा मान राखत होत्या. सहाव्या ग्लासाला आई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "हिला सांग बाई, माझं पोट आता जायकवाडी झालं."

मी ग्लासावर हात ठेवून दाखवला. मालकीण समजली आणि इतकी हसली की तिला पदार्थ परतायचं भान राहिलं नाही.

मधले दिवस विहारं बघण्यात आणि नदीतल्या होडीतून फिरण्यात गेले. निजलेल्या बुद्धाच्या प्रचंड मूर्तीपाशी आई पायांकडच्या बाजूला बराच वेळ उभ्या होत्या. काय वाटलं, विचारलं तर म्हणाल्या, "एवढा मोठा झाला तरी तळवे किती स्वच्छ."

तेरा तारखेला सकाळी आम्ही बाहेर पडलो आणि चौकातच थबकलो. त्यांचं नवीन वर्ष त्या दिवशी सुरू होतं आणि ते पाण्यानं साजरं करतात, हे आम्ही नुसतं ऐकलं होतं. रस्त्याच्या दोन्ही कडांना निळे ड्रम होते, थेट आमच्या गल्लीतल्यासारखे. पोरं, बाया, म्हातारे, सगळे त्यातून वाडगे भरभरून येणाऱ्या-जाणाऱ्यावर ओतत होते. टेंपोत ड्रम ठेवून माणसं फिरत होती. वाया गेलेलं पाणी कडेच्या गटारीतून खळखळ वाहत होतं. माझा नवरा पहिल्या दोन मिनिटांत चिंब झाला आणि खूश झाला. मीही भिजले. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

आई मात्र फूटपाथवर खिळून उभ्या राहिल्या. एका मुलीनं हसत त्यांच्या खांद्यावर वाडगाभर पाणी ओतलं. आईंनी तिचं मनगट धरलं. "पोरी, पाणी हाय हे," त्या मराठीतच म्हणाल्या. "पाणी हाय." मुलीला काही कळलं नाही. तिनं दोन्ही हात जोडून मान लववली आणि पुढं गेली.

आई वळल्या आणि तरातरा खाणावळीत जाऊन बसल्या. आम्ही मागोमाग गेलो. पदर पिळता पिळता त्यांचे डोळे भरून आले होते. "घरी दोन तांब्यात मी आंघोळ उरकते," एवढंच बोलल्या. मला माझ्याच ओल्या कपड्यांची लाज वाटली.

मालकिणीला वाटलं, भिजल्यामुळं रागावल्या. तिनं पंचा आणून दिला. तेव्हा नवऱ्यानं मोबाईलवरचा एक फोटो तिला दाखवला. आमच्या गल्लीत टँकर उभा आहे, त्याच्याभोवती हंडे-कळशांची रांग, आणि रांगेत आई. तिनं फोन हातात घेतला. फोटो मोठा करून आईंचा चेहरा शोधला, मग समोर बसलेल्या आईंकडं बघितलं. फोन परत देऊन ती आत गेली.

बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक लहानसं वाडगं होतं, त्यात पाणी आणि फुलांच्या पाकळ्या. तिनं आधी थोडं पाणी बुद्धाच्या मूर्तीवर घातलं. मग आईंच्या स्टुलापुढं गुडघ्यांवर बसली, त्यांचे हात ओंजळीसारखे धरायला लावले, खाली एक परात ठेवली आणि हातांवर पाण्याची बारीक धार धरली. फार तर अर्धा कप पाणी असेल. नंतर तिनं डोकं खाली केलं आणि तशीच थांबली.

नवऱ्यानं फोनवर शोधून सांगितलं, "आई, ते या दिवशी वडीलधाऱ्यांच्या हातावर पाणी घालून आशीर्वाद मागतात."

"ती माझ्याएवढीच हाय," आई म्हणाल्या.

पण त्यांनी ओले हात तिच्या डोक्यावर ठेवले. मग स्वतःहून मूर्तीकडं वळून त्यांनी हात जोडले आणि रोज सकाळी घरी म्हणतात ती पालीतली वंदना सुरू केली. दुसऱ्या ओळीला मालकिणीनं मान वर केली. तिसऱ्या ओळीला तीही म्हणायला लागली. शब्द तेच होते, फक्त तिचे उच्चार नाकातले आणि चाल संथ. आईंनी आपला वेग कमी केला, आणि दोघींनी मिळून शेवटपर्यंत म्हटली. चार दिवसांत त्यांना एकमेकींचं एक वाक्य कळलं नव्हतं. मी आणि नवरा भिंतीला टेकून उभे होतो, आणि एकमेकांकडं बघायचं टाळत होतो.

वंदना झाल्यावर आईंनी परातीकडं बोट दाखवून 'आता हे कुठं' असं विचारलं. मालकिणीनं परात उचलून दारातल्या कुंडीत रिती केली. आईंची मान समाधानानं हलली. नंतर त्यांनी तिच्याकडून वाडगं मागून घेतलं, बोटं बुडवली आणि आमच्या दोघांच्या अंगावर चार चार थेंब उडवले. आमचं नवीन वर्ष तेवढ्यात झालं.

चौदाच्या दुपारी आम्ही घरी पोचलो. आईंनी पांढरी साडी नेसली आणि संध्याकाळी मिरवणुकीत त्या सगळ्यांच्या पुढं होत्या. चालता चालता त्यांनी त्यांच्या जुन्या नर्स मैत्रिणींना सगळी हकीकत सांगितली असणार, कारण त्या आठवड्यात एकेक जण पासपोर्टचा फॉर्म घेऊन आमच्याकडं यायला लागली. तिघींची जन्मतारीख एक जून निघाली.

पुढच्या हिवाळ्यात त्या पाच जणी श्रीलंकेला गेल्या. आम्हाला विचारलंही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी ऑफिसात असताना आईंचा फोन आला. मागं भांड्यांचा आवाज आणि बायकांचं हसणं.

"इथं वाटीसारखा डोसा करतात, मधी अंडं फोडून घालतात," त्या सांगत होत्या. "लई चांगला लागतो. आचारी म्हणतो, आत या, शिकवतो."

"मग शिकून या की, आई."

"येते. पण आधी त्याला हात धुवायला लावलंय, तो परत आला की बघू. ठेवते फोन, आला बघ."