काचेच्या ताटलीतलं नितळ वर्तुळ

कांचनताईंचं नाव आधी लिहिते. त्या नसत्या तर हे लिहायला मी प्रयोगशाळेत उरलेच नसते.

समुद्रशेवाळाचं पुडकं उघडलं की त्या खारट, ओलसर वासाने नागपूरच्या कोरड्या चैत्रातही माझ्या पायांखाली देवगडकडचे ओहोटीतले खडक उमटायचे. आठवीत शाळा सोडलेली मी. नवऱ्याच्या हिंगण्यातल्या नोकरीमागे इथवर आले आणि कॉलेजात काचसामान धुऊ लागले. त्या शेवाळात जंतूंना रोखणारं काही आहे का, हे कांचनताई तिथल्या प्रयोगशाळेत शोधत होत्या. शेवाळ माझा भाऊ गावाहून पाठवायचा, वाळवणं माझ्याकडे. शेजारणी कुरडया घालतात तसं मी ते कॉलेजच्या गच्चीवर पसरायचे, कडकड वाजेपर्यंत, आणि स्वतःवरच खूश व्हायचे.

दोनदा चाचणी फसली. अर्कात भिजवलेल्या कागदी चकतीला खेटून जंतू सायीसारखे दाट वाढले. आता एकदाच, मग विषय बंद, असं विभागप्रमुख सरांनी सांगितलं. ताईंची तीन वर्षांची मेहनत त्या एका वाक्यावर येऊन टेकली.

त्याच दुपारी गच्चीवर गेले, तर शेवाळाचा रंग पार विटलेला. गावी खडकावर उन्हात राहिलेलं शेवाळ असंच पांढरं पडतं, आणि आई औषधाचा पाला कायम सावलीतच वाळवायची. हे मला ठाऊक होतं की! नोकरीच्या भीतीने दोन दिवस गप्प राहिले, मग सांगून टाकलं.

ताईंनी माझ्या मुठीतलं विटलेलं शेवाळ हातात घेतलं. मग म्हणाल्या, "काहून भिऊन राहिली वं? मी बी रोज पाहतच होती ना. आमच्या इथं ऊनच तेवढं फुकट भेटते, म्हणून सारं त्याच्यातच टाकतो. आता तुह्या आईसारखं वाळव."

भावाने पाठवलेलं शेवटचं पुडकं मी अंधाऱ्या कोपऱ्यात, पंख्याखाली, जुन्या सुती साडीवर वाळवलं.

चाचणीच्या दुसऱ्या सकाळी ताईंनी ताटली खिडकीच्या उजेडात धरली. जंतूंच्या धूसर थरात, अर्काच्या चकतीभोवती, पहाटेच्या चंद्रासारखं एक नितळ वर्तुळ. तुलनेसाठी ठेवलेल्या, नुसत्या द्रावकात भिजवलेल्या चकतीभोवती मात्र काही नाही. सरांनी पट्टीने ते वर्तुळ मोजलं, पुन्हा मोजलं आणि म्हणाले, "चालू ठेवा." ताईंनी वहीत 'सावलीत वाळवले' असं लिहून पुढे माझं नाव घातलं. शाळेबरोबर सुटलं असं मी समजत होते, त्यातलं बरंच काही माझ्यासोबतच आलं होतं तर.

ताईंनी समुद्र अजून पाहिलेला नाही. एका ओहोटीला मी त्यांना त्या खडकांवर नेईन. तिथे शेवाळावरून पाय सटकतो. तेव्हा हात पुढे करायची पाळी माझी.