बाहेरचं रक्त : शून्य

मंगळवारी सकाळी दहा वाजता मी रक्तपेढीत गेलो. सव्वादहाला बाहेर आलो. बुधवारी अण्णांचं ऑपरेशन झालं.

त्या पंधरा मिनिटांबद्दल मी आजवर कुणाशी बोललेलो नाही. बायकोशीही नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय, आणि बघा — इथेच अडलो. आधी अण्णांविषयी सांगू का? ते सोपं जाईल.

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. आमचं घराणं शिंप्यांचं, बंगळूरमध्ये चार पिढ्यांचं. घरात मराठी, दुकानात कन्नड. बनशंकरीला त्यांचं टेलरिंगचं दुकान होतं. वडील गेले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, अण्णा तेवीसचे. स्वतः सातवीत शाळा सोडलेली, पण मला शिकवलं. माझ्या पुस्तकांना कव्हर घालताना कोपरे असे दुमडायचे, जणू कोटाची कॉलर शिवताहेत. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता सांगायचे, 'आमचा रघू वाचतो.' काय वाचतो हे कुणी विचारलं तर मात्र गप्प.

नव्वदच्या दशकात मी शहरातल्या एका हॉस्पिटलात, हृदयशस्त्रक्रियेच्या विभागात कारकून होतो. तिथले एक सर्जन संशोधन करत होते — मी त्यांना नुसतं डॉक्टर म्हणतो. हृदय थांबवून ऑपरेशन करतात तेव्हा शरीरातलं रक्त हार्ट-लंग मशीनमधून फिरवतात. त्यात ते पातळ होतं, काही वाया जातं. म्हणून बाहेरून पिशव्यांमागून पिशव्या चढवायची पद्धत होती. त्यासाठी नातेवाईक शहरभर रक्तदाते शोधत फिरायचे. डॉक्टरांचं म्हणणं, एवढं लागत नाही. मशीन सुरू करण्याआधी रोग्याचंच थोडं रक्त काढून ठेवा, नळ्या आखूड करा, शेवटी मशीनमध्ये उरलेलं त्यालाच परत द्या — मग बाहेरच्या रक्ताची गरज बऱ्याच जणांना पडणारच नाही. प्रत्येक रोग्याचा एक तक्ता असायचा. तो मी भरायचो. कागदावरच्या रक्ताची मला कधी भीती वाटली नाही.

अण्णांच्या हृदयाची झडप बदलायची ठरली तेव्हा तेही या अभ्यासात आले. तरी अडीअडचणीला म्हणून चौघांनी रक्त द्यायचं होतं. तिघांनी दिलं. चौथा मी.

खाटेवर बसलो. शेजारच्या माणसाच्या हातातून नळी निघाली होती आणि खालची पिशवी भरत होती. सिस्टरनी विचारलं, 'कधी कावीळ झाली होती?' मला कधीही कावीळ झालेली नाही. मी हो म्हणालो.

'मग नको,' त्या म्हणाल्या. 'तिघं झालेत, सरी, चालेल तेवढं. आलाच आहात तर कॉफी घेऊन जा.'

मी कॉफी घेतली. ट्रेमधला कापसाचा बोळा उचलला आणि कोपराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीनं लावला. का? खाली वहिनी उभ्या होत्या ना.

एवढंच असतं तर मी हे कदाचित केव्हाच सांगून मोकळा झालो असतो. घाबरलो, पळालो — लोक हसून सोडून देतात. पण पुढेही आहे.

ऑपरेशन नीट झालं. तक्ता माझ्याकडे आला, आणि 'बाहेरचं रक्त' या रकान्यात मी माझ्या हातानं शून्य लिहिलं. कुणाचंच द्यावं लागलं नव्हतं. अण्णा शुद्धीवर आले तेव्हा वहिनींनी त्यांना माझा हात दाखवला. पट्टी मी अजून काढली नव्हती. त्यांच्या तोंडात नळी होती, बोलता येत नव्हतं. त्यांनी माझा अंगठा धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तेव्हा काय सांगणार? आणि तेव्हा नाही, तर मग कधी?

घरी आल्यावर त्यांना त्या रक्ताचा फारच लळा लागला. दुपारी डुलकी आली की म्हणायचे, 'हे रघूचं रक्त. आळशी आहे.' सकाळी पेपर मागायचे — 'अगं, दे इकडे, वाचायची तलफ आलीय!' त्यावर वहिनी, 'मग भावजींसारखं गप्पही बसा की स्वल्प!' आम्ही तिघंही हसायचो. त्या हसण्यात मी सुखी होतो. ते का लपवू?

मग एका तपासणीला डॉक्टरांनी कौतुकानं सांगितलं, 'तुम्हाला बाहेरचा एक थेंबही लागला नाही.' परतताना ऑटोत अण्णांनी विचारलं, 'रघू, हे काय म्हणतात? तुझं रक्त दिलंच नाही?'

आता तेच सांगायचंय. मी म्हणालो, 'अण्णा, त्यांना तसं म्हणावं लागतं. संशोधन आहे ना. कागदावर शून्य लिहितात.'

तक्त्यातला एखादा आकडा खोडला तर शेजारी सही करायला लावणारा तो माणूस — त्याला मी एका वाक्यात लबाड ठरवलं. आणि ते शून्य माझ्याच अक्षरातलं होतं.

अण्णा रागावले नाहीत. 'मोठी माणसं, चालायचंच,' म्हणाले. पण मग दर तपासणीला बाकावर बसून शेजारच्यांना ते कळकळीनं सांगू लागले, मराठीत, कन्नडमध्ये, जमेल तशा हिंदीत — 'लिहितात शून्य, देतात रक्त. माझ्यात माझ्या भावाचं आहे. आपली माणसं तयार ठेवा, त्या अभ्यासाच्या कागदावर सही करू नका.' सदऱ्याची बटणं काढून छातीवरचा व्रण दाखवायचे. तो पाहिल्यावर कोण ऐकणार नाही? त्यांना फक्त लोकांचं भलं करायचं होतं.

लोक सही नाकारू लागले. एक शाळामास्तर आठवतात. बायकोचा रक्तगट सहज न मिळणारा. अण्णांशी तासभर बोलले आणि सही न करता रक्तदाते शोधायला निघून गेले. ते मिळेनात, म्हणून तिचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं. तिसऱ्या तारखेला दोघं आलेच नाहीत. पुढे काय झालं? पत्ता माझ्याकडे होता. मी पत्र टाकलं नाही.

डॉक्टरांनी मला विचारलं, 'रघुनाथ, लोक का नाही म्हणतात?'

'घाबरतात, सर,' मी म्हणालो.

हवे होते तेवढे रोगी मिळाले नाहीत. अभ्यास अर्धवट थांबला, तक्ते कपाटात गेले. तसंच काम पुढे दुसऱ्यांनी, दुसरीकडे पुरं केलं.

अण्णा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. गेल्या महिन्यात गेले. मी सांगितलं असतं तर ते आधी डोळे वटारून बघत राहिले असते आणि मग पोट धरून हसले असते, असं मला वाटतं. ते जिवंत असतानाही असंच वाटायचं. तरी सांगितलं नाही.

तेराव्यानंतर डॉक्टरांचा फोन आला. थकलेत आता, सर्जापूर रोडला मुलीकडे असतात. अण्णांची चौकशी करून झाली, वहिनींची झाली. मग म्हणाले, 'त्या वेळी मला लोकांना समजावता आलं नाही, रघुनाथ. माझंच बोलणं कमी पडलं.'

'नाही, सर,' मी म्हणालो. आणि पुढे बोललो नाही.

अण्णा आता नाहीत. डॉक्टर आहेत, आणि दोष आपला होता असं ते समजतात.