साधनाताईंची दोन मिनिटं

साधनाताई येळवंडे हळू नव्हत्या. हे मी दोन वर्षांपूर्वीच म्हणायला हवं होतं. जिथं म्हणायला हवं होतं तिथं मी नेमकं उलटं बोलून आलो, त्यामुळे त्यांच्याबद्दल काही सांगायचं तर सुरुवात इथूनच करणं भाग आहे.

माझं नाव धम्मरत्न ओव्हाळ, राहायला मोशीत. चाकणच्या पट्ट्यातल्या वीस-बावीस लहान कंपन्यांचे कॉम्प्युटर आणि प्रिंटर मी वर्षाच्या करारावर सांभाळतो. काम चोख करतो असा माझा लौकिक आहे, आणि तो सगळ्यांत जास्त मीच सांगत फिरतो. फोनवर कुणी 'प्रिंटर चालत नाही' म्हणालं की माझं डोकं फिरतं, कारण दहातल्या सात वेळा वायर निसटलेली असते. उरलेल्या तीन वेळांसाठी जो धीर लागतो, तो माझ्यात कमी आहे.

त्यातली एक जयदीपची कंपनी, महाळुंग्याच्या पुढे. तिथं ट्रकच्या केबिनला लागणारे लोखंडी ब्रॅकेट बनतात आणि ते एका मोठ्या कंपनीला जातात. त्या कंपनीच्या गेटवर प्रत्येक गाडीची वेळ ठरलेली. वेळ चुकली की गाडी रांगेत मागे आणि महिनाअखेरीला जयदीपच्या नावावर लाल शेरा. गाडी भरून उभी असली तरी बिलाच्या तीन प्रती हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर हलू शकत नाही. ती बिलं काढण्याचं टेबल साधनाताईंचं.

त्या निघोज्याच्या. सासरची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली तेव्हा जयदीपच्या वडिलांनी गावच्या ओळखीनं त्यांना पॅकिंगला घेतलं. पुढं हातानं चलन लिहायचं काम आलं, मग कॉम्प्युटर आला. शिक्षण दहावी. तेव्हा त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर कीबोर्ड काढला, तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला आणि भाकरी भाजता भाजता एका हातानं सराव केला. तीन महिन्यांनी त्या बिलाच्या टेबलावर बसल्या. सत्तर प्रकारचा माल, प्रत्येकाचा अकरा आकडी नंबर. माल चढवणारा दारातून 'डावा मोठा, तीनशे' म्हणून ओरडायचा आणि ताई न बघता नंबर टाकायच्या. कंपनीत कुणाला नंबर अडला की फाईल कुणी उघडत नसे, ताईंनाच विचारत. त्यांना त्याचा अभिमान होता आणि तो असायलाच हवा होता.

पुढचं मला सगळं एका शनिवारी कळलं, पण क्रमानं सांगतो.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधी, जयदीपनं नवा मोठा प्रिंटर घेतला. सगळ्या ऑफिसला मिळून एक, नेटवर्कवर. आमच्याकडे कंपन्यांची सुट्टी गुरुवारी, म्हणून अशी कामं मी गुरुवारीच करतो. मधे कुणी येत नाही, प्रश्न विचारत नाही. जुना प्रिंटर काढला, तो भंगारात गेला, नवा जोडला, प्रत्येक मशीनवरून चाचणीचं एक-एक पान काढलं आणि जेवायच्या वेळेला घरी पोचलो.

पंधरा दिवसांत जयदीपचा फोन आला की बिलं उशिरा निघतात. मी पुढच्या गुरुवारी गेलो. साधनाताईंच्या मशीनवरून चाचणीचं पान सोडलं, ते डोळ्यांचं पातं लवायच्या आत बाहेर आलं. बिलाचं सॉफ्टवेअर मी उघडलंच नाही. त्याला त्यांचा पासवर्ड लागतो, आणि त्या सुट्टीवर. फोन करून विचारायचं मला सुचलं नाही, किंवा सुचलं असेल तर कंटाळा केला. प्रिंटर एकदम ओके आहे, साधनामावशीच बटण दोनदा दाबतात, म्हणून अडकतं, असं जयदीपला सांगून मी मोकळा झालो. त्यानंतर वर्षभरात तीन वेळा तक्रार आली. तिन्ही वेळा मी गुरुवारीच गेलो, तेच पान काढलं आणि तेच बोललो.

बटण दोनदा दाबलं जायचं, हे खोटं नव्हतं. ताई बिल तयार करून प्रिंट द्यायच्या आणि काहीच व्हायचं नाही. अर्धा मिनिट, एक मिनिट. दारात ड्रायव्हर उभा, फोन वाजतोय, कुणी नंबर विचारतंय. अशा वेळी त्यांना वाटायचं, आपण दाबलं का? की दाबायचंच राहिलं? मग पुन्हा दाबायच्या आणि थोड्या वेळानं बिलाचे दोन संच बाहेर यायचे. एकदा दोन्ही संच ड्रायव्हर घेऊन गेला, मोठ्या कंपनीच्या गेटवर गाडी चार तास अडकली आणि तिथून लेखी पत्र आलं.

दुसऱ्या कुणाला एवढ्यावरून स्वतःचीच शंका आली नसती. साधनाताईंना आली, त्याला कारण होतं. त्यांची आई मंजुळाबाई राजगुरुनगरजवळच्या गावी शेवटची सहा वर्षं स्मरण गेलेल्या अवस्थेत होती. तिचीही सुरुवात अशीच झाली होती. मीठ टाकलं का, दार लावलं का, गॅस बंद केला का. शेवटी पोटच्या लेकीला 'तुमी कुणाच्या?' विचारायची वेळ आली. तिचं सगळं साधनाताईंनीच केलं होतं. त्यामुळे एक दिवस आपण प्रिंट दिली की नाही हे आठवेना, तेव्हा त्यांनी मनाशी धरलं की आईचं दुखणं आपल्यात उतरलं. त्यांनी डॉक्टर गाठला नाही, नवऱ्याला सांगितलं नाही. सकाळी तासभर आधी यायला लागल्या, दुपारचा डबा टेबलावरच खायला लागल्या. आणि एक शाळकरी वही केली.

त्यांची एकुलती मुलगी मिनल ताथवड्याला दिलेली. गेल्या वर्षी तिला दिवस गेले. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, त्यावर चर्चा नसते. मुलगी सातव्या महिन्यात येणार हे धरूनच होतं. पण साधनाताईंनी तिला आणलं नाही. कंपनी रजा देत नाही, असं फोनवर सांगून टाकलं. खरं कारण असं की तान्ह्या बाळाला आंघोळीचं पाणी किती कढत केलं हे आपण विसरलो तर, त्याला कुठं ठेवलं हे विसरलो तर, ही भीती त्यांच्या मनातून जाईना. मिनलचं बाळंतपण सासरी झालं. बारशाला त्या गेल्या, पण बाळाला मांडीवर घेतलं नाही. त्या दिवसापासून मिनल आईशी कामापुरतं बोलत होती, पुढं तेही बंद झालं. शनिवारची गोष्ट घडली तेव्हा बाळ सात महिन्यांचं होतं.

त्या शुक्रवारी जयदीपचा फोन आला. सोमवारपासून बिलाच्या टेबलावर तनुजा नावाची नवी मुलगी येणार, तिचं लॉगिन करून द्या. मावशींना तो परत पॅकिंगला पाठवत होता. त्याला वाईट वाटत होतं, पण त्याचंही बरोबर होतं, किती दिवस लाल शेरे खाणार? गुरुवार होऊन गेला होता, म्हणून नाइलाजानं मी शनिवारी, चालू कंपनीत गेलो.

ताईंना माहीत होतं. तनुजासाठी त्यांनी सत्तर नंबरांचा कागद स्वच्छ अक्षरात लिहून ठेवला होता, शेजारी बोलीतली नावं. डावा मोठा, उजवा मोठा, कानवाला. मला खुर्ची दिली. लॉगिन करायला त्यांचा पासवर्ड हवा होता. त्या म्हणाल्या, गाडी भरली आहे, एवढं बिल काढते, मग बसा.

मी त्यांच्या शेजारी बसलो. नऊ ओळींचं बिल त्यांनी अर्ध्या मिनिटात भरलं. मी स्वतः इतकं जलद भरू शकत नाही. मग प्रिंट दिली आणि लगेच वही ओढून तारीख, गाडीचा नंबर आणि वेळ लिहिली. समोर प्रिंटर गप्प.

"मी दाबलंय ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"दाबलंय. मी बघितलं."

"दोन वर्सांत पयल्यांदा कुणी बगितलं," त्या म्हणाल्या.

पहिली प्रत आली तेव्हा एक मिनिट पंचावन्न सेकंद झाले होते. तितक्याच वेळानं दुसरी, तितक्याच वेळानं तिसरी. मी वही मागितली. प्रिंट कधी दिली आणि प्रत कधी आली, दोन्ही वेळा रोज लिहिलेल्या. पानंच्या पानं चाळली. सगळीकडे दोन मिनिटं, जराही कमी-जास्त नाही. माणूस विसरतो तेव्हा कधी दहा सेकंद विसरतो, कधी तासभर. असं घड्याळ लावून कुणी विसरत नाही.

बिलाच्या सॉफ्टवेअरची सेटिंग उघडली. प्रिंटरचं नाव त्यात वेगळं लिहिलेलं असतं, आणि तिथं जुन्याच प्रिंटरचं नाव होतं, जो दोन वर्षांपूर्वी भंगारात गेला होता. सॉफ्टवेअर प्रत्येक प्रतीच्या वेळी आधी त्याला हाक मारायचं, उत्तराची वाट बघायचं आणि थकून नव्याकडे वळायचं. चाचणीचं पान या वाटेनं जातच नाही, म्हणून ते लगेच यायचं. मी ते नाव पुसलं, नव्याचं लिहिलं. चाळीस सेकंदांचं काम. पुढच्या बिलाच्या तिन्ही प्रती एका दमात बाहेर आल्या.

ताईंना आनंद झालेला दिसला नाही. त्यांनी आणखी एकदा काढायला लावलं, मग आणखी एकदा. मग वही मिटली.

"म्हंजी मला काय झालेलं न्हाई?"

मला तेव्हा प्रश्न नीट कळला नाही. मग त्यांनी आईचं सांगितलं, मिनलचं सांगितलं, एकेक वाक्य करून, प्रिंटरकडे बघत. मी ऐकत होतो आणि मला तोंड लपवावंसं वाटत होतं.

तेवढ्यात जयदीप आला आणि काय झालं म्हणून विचारू लागला. जुन्या प्रिंटरची सेटिंग राहून गेली होती, असं मी म्हणालो. अशा बोलण्यात कुणाचाच दोष दिसत नाही, म्हणून ते मला सोयीचं वाटलं. ताईंनी मात्र विचारलं, "कुणाकडनं राहिली?"

मी म्हणालो, "माझ्याकडून. आणि नंतर चारदा येऊनही मी बघितली नाही. तुमच्यावर ढकलली."

जयदीपनं वही उचलून दोन-चार पानं चाळली. मग म्हणाला, टेबल मावशींचंच राहील, तनुजाला स्टोअरला घेऊ. त्यानं त्यांची माफी मागितली, मीही मागितली. ताईंनी दोघांकडेही लक्ष दिलं नाही. त्यांनी पिशवीतून फोन काढला.

"दादा, हे माज्या लेकीला सांगा. मी सांगितलं तर तिला खरं वाटायचं न्हाई. रजेचं मी खोटं बोल्ले व्हते, ते बी सांगा."

मिनलनं दुसऱ्यांदा लावल्यावर उचलला. कंपनीतले एक दादा बोलताहेत, ऐक, एवढं म्हणून ताईंनी फोन माझ्याकडे दिला. मी सांगितलं. प्रिंटर, दोन मिनिटं, आजीचं दुखणं, वही, रजा. काही वगळलं नाही. पलीकडे बाळ काहीतरी वाजवत होतं. माझं सांगून संपलं.

मग मिनल म्हणाली, "दोन वर्षांत तुम्ही एकदाही तिच्या शेजारी बसून बघितलं नाही?"

"नाही," मी म्हणालो.

"आईला द्या."

साधनाताईंनी फोन दोन्ही हातांनी कानाला धरला. मी उठून दारात जाऊन उभा राहिलो. बाहेर ड्रायव्हर बिलासाठी थांबला होता, त्याच्या हातात तीन प्रती दिल्या. मागे ताई रडत होत्या आणि रडता रडता मुलीला परत परत सांगत होत्या, "न्हाई गं, बरी हाय मी. पयल्यापासनं बरीच व्हते."