आमच्या आंब्याला मी आणलेला डॉक्टर

आता काय सांगू, तुम्ही हसणार हे मला ठाऊक आहे. हसा. मीही हसतच सुरुवात करतो, मग अर्ध्यावरच उठून जातो. म्हणून चहा निवायच्या आत सांगून टाकतो.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. उस्मानाबादपासून वेगळं निघालं, कलेक्टर ऑफिस आलं, कोऱ्या पाट्या आल्या, आणि त्या ऑफिसात मी कारकून म्हणून चिकटलो. नव्या जिल्ह्याचा नवा कारकून म्हणजे काय चीज असते, तुम्हाला कल्पना नाही. मी मेथीची जुडी घ्यायला गेलो तरी जिल्ह्याच्या वतीनं जायचो. कुणी काही विचारलं आणि मला ते माहीत नसलं, तर 'माहीत नाही' असं म्हणायची सोयच नव्हती. जिल्ह्याची अब्रू गेली असती ना.

आणि त्यातच दुष्काळ पडला. नळाला कधी पाणी यायचं, कधी नुसती हवा. गल्लीतल्या बायका घागरी घेऊन कुठं कुठं फिरायच्या.

आमच्या घरासमोर एक आंबा होता. गोटी आंबा, चवीला आंबटढाण. माझ्या थोरल्या बहिणीनं, कमलनं लावलेला. लावलेला कसला, लहानपणी कोय चोखून भिंतीकडं फेकली, ती उगवली. पुढं कमल बाळंतपणात गेली, सासरीच. तिचं आमच्याकडं काहीच उरलं नव्हतं, एक फोटोसुद्धा नाही. हा आंबा तेवढा होता. आई त्याला झाड म्हणायचीच नाही, कमळी म्हणायची. "कमळीला पाणी घातलंस का?" असं तिनं विचारलं की नव्या पाहुण्याला वाटायचं, घरात एखादी मुलगी आहे.

त्या उन्हाळ्यात कमळीच्या पानांच्या कडा करपल्या. बुंध्यातून डिंक गळायला लागला. आईनं हातानं माती ओढून भोवती आळं केलं होतं. भांडी धुतलेलं पाणी त्यात, आणि स्वतःच्या आंघोळीचंही चोरून त्यातच. मला वाटायचं आई आंघोळ करून आली. ती नुसतं तोंड पुसून यायची.

"दिगू," ती एकदा म्हणाली, "कमळीला कुणाला तरी दाखीव बाबा. जाणता माणूस आण. एकदा घालवली, आता पुन्हा न्हाई घालवायची मला."

मी कामाला लागलो. जिल्ह्याच्या वतीनं.

पहिल्यांदा शेतकी खात्यातले एक गृहस्थ आले, फळबागांचं शिकलेले. शर्ट चुरगळलेला, सायकलवर आलेले. त्यांनी पान चुरगाळून वास घेतला, नखानं साल खरवडून बघितली, माती उकरली. आणि प्रश्न किती विचारावेत? पाणी कोणतं घालता, साबणाचं आहे का, बाजूला कुणी खोदलंय का, कीड कधीपासून. मी मनात म्हटलं, सगळं आम्हालाच विचारायचं तर तुम्ही कशाला? शेवटी म्हणाले, "फांद्यांना आत्ता हात लावू नका, पालापाचोळा टाकून मुळं झाका. जगेल असं वाटतं, पण खात्री देता येत नाही."

खात्री नाही? मग कसले तज्ज्ञ?

आई म्हणाली, "ह्यो बरा वाटला मला. कमळीला हात लावून बगितलं."

"तुला कळत नाही आई," मी म्हणालो.

हे वाक्य लक्षात ठेवा. मला तर विसरताच येत नाही.

आता माझी निवड ऐका. आमच्या ऑफिससमोर झाडांची रांग होती, आणि सगळा गाव वाळून कोळ झाला तरी ती झाडं हिरवीगार. एका सकाळी बघतो तर एक माणूस बादली, कुंचे घेऊन त्या झाडांपाशी बसलेला. खाली गेरू, वर चुना, पुन्हा गेरू, असे पट्टे ओढायचं काम चाललेलं. एकेक पट्टा कसा आखल्यासारखा. मी विचार केला, बोलण्यावर कशाला जा, माणसाचं काम बघावं. काम समोर हिरवंगार उभं आहे. हाच तो डॉक्टर.

नाव गंगाराम. मी म्हटलं, "घरासमोर एक आंबा आहे. तेवढा नीट करून द्या."

"कलेक्टर ऑफिसातून हाव का साहेब तुमी?"

"हो," मी छाती काढून म्हणालो.

"खालून जीप निघती का?"

"फांद्या लागतात थोड्या."

"मंग त्या काढाव्या लागतेत. बुडाला शिमिट टाकू का? लई साफ दिसतंय."

"तुम्हाला योग्य वाटेल ते करा. खात्रीचं काम पाहिजे."

"खात्री तर हायच की," गंगाराम म्हणाला.

बघा, पहिल्याला नव्हती, याला होती. त्यानं मला झाडाला काय झालंय ते विचारलं नाही, आणि मी त्याला, तुम्ही झाडांचं नेमकं काय करता ते विचारलं नाही. काम ठरलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात. दुपारी आमचे हेडक्लार्क, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे, हळूच माझ्या टेबलाशी आले. "दिगंबरराव, तुमच्या गल्लीत मंत्र्याचा दौरा हाय म्हणं? आमच्याकडं तर काहीच आलं न्हाई."

मला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. पण ती जिल्ह्याची अब्रू! मी फायलीतून मान वर न काढता म्हणालो, "हं. कानावर आहे."

भाऊसाहेब लगबगीनं निघून गेले.

संध्याकाळी घरी आलो तर गल्ली ओळखू येईना. लख्ख झाडलेली, दारादारांत रांगोळ्या. शेजारच्या शेषाबाई नवं लुगडं नेसून, रिकाम्या घागरी घेतलेल्या बायकांना रांगेत उभं करत होत्या. "मंत्री आला की घागरी पालथ्या करून दाखवायच्या," असं त्यांचं ठरलेलं.

"कोण मंत्री?" मी विचारलं.

"आता आमालाच इचारायलाव का? तुमच्याच दारात तर यायलेत."

मी वळून बघितलं.

गंगारामनं काम खात्रीचं केलं होतं. कमळीच्या खालच्या फांद्या साफ. जी काही थोडी हिरवी होती, ती सगळी त्याच फांद्यांवर होती. आईचं आळं बुजवून बुंध्याभोवती सिमेंटचा गोल, घोटून गुळगुळीत केलेला. आणि बुंध्यावर गेरू, चुना, गेरू. आपल्याकडं झाडाला हे पट्टे कधी मारतात, सांगा बरं? कुणी मोठं यायचं असलं की. एवढं साऱ्या गल्लीला कळतं, शेषाबाईंना कळतं, शाळेतल्या पोरांना कळतं. कलेक्टर ऑफिसात काम करणाऱ्या कारकुनाला कळलं नाही.

आई उंबऱ्यात बसली होती.

"आई, तू अडवलं का नाहीस त्याला?"

"तू धाडलेला माणूस. म्या म्हणलं, माझा दिगू शिकलेला हाय, चौकशी करूनच धाडला आसंल."

मी काही बोलणार तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला. टँकर! भाऊसाहेबांनी पाठवलेला. मंत्र्यांच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून रस्त्यावर शिंपडायला. महिनोन्‌महिने अर्ज करून जो आला नाही, तो माझ्या एका 'हं' वर आला. रस्ता कोण शिंपू देतंय? शेषाबाईंनी ड्रायव्हरला खाली उतरवलं आणि सगळी गल्ली घागरी भरायला लागली. मी खरं सांगितलं असतं, तर टँकर परत गेला असता.

आईनंही घागर भरली. घरात नेली नाही. कमळीपाशी गेली आणि सावकाश बुडाशी ओतली.

पाणी सिमेंटवरून घसरलं, रस्त्यावर आलं आणि नालीत गेलं. एक थेंब आत मुरला नाही. आई ओल्या सिमेंटवर हात फिरवत राहिली. मग पुन्हा घागर घेऊन रांगेत जाऊन उभी राहिली.

ते मला बघवलं नाही. मी घरातून पहार आणली आणि तो गोल फोडायला लागलो.

शेषाबाई धावत आल्या. "दिगंबरराव, याड लागलं का? साहेब यायच्या वक्ताला फोडायलाव?"

"कुणी येणार नाही!" मी ओरडलो. "हे माझ्यामुळं झालंय!"

"ऑफिसातल्यांना आसंच सांगावं लागतंय," शेषाबाई बायकांना म्हणाल्या. "गुप्त आस्तंय ते."

मी रडत सिमेंट फोडत होतो आणि गल्ली अंधार पडेपर्यंत मंत्र्यांची वाट बघत होती.

दुसऱ्या दिवशी गंगारामला गाठलं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, झाड बिमार हाय आसं बोललावच न्हाई तुमी. म्या पेंटर माणूस."

"मग तुमची ती झाडं हिरवी कशी?"

"टँकर तिथंच उभा ऱ्हातोय रोज. गळका हाय."

सिमेंटखालची माती मी मोकळी केली, पालापाचोळा टाकला. त्या शेतकी खात्याच्या गृहस्थांना हात जोडून पुन्हा बोलावलं. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. नुसतं वर बघितलं. पावसाळा आला तेव्हा कमळीला पालवी फुटली नाही. आईनं तिला तोडू दिलं नाही. वाळलेला बुंधा तसाच उभा राहिला, गेरू-चुन्याचा. त्यावरून आई मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढं बऱ्याच वर्षांनी आई आजारी पडली. या वेळी मी शहाणा झालो होतो. दहा ठिकाणी चौकशी केली, डॉक्टरची पदवी विचारली, बरे झालेल्या पेशंटना भेटलो, डॉक्टर नीट तपासून प्रश्न विचारतो की नाही तेही बघितलं. मग आईला रिक्षात घालून नेलं. दवाखान्याच्या फाटकापाशी रिक्षा थांबली. आत दोन्ही बाजूंना अशोकाची झाडं होती. प्रत्येकाला खाली गेरू, वर चुना, पुन्हा गेरू. रंग अजून ओला होता.

आईनं त्या पट्ट्यांकडं बघितलं. मग माझा हात धरला.

"दिगू, ह्यो डॉक्टर कुणी निवडला?"

"मीच, आई."

"मंग रिक्षा माघारी फिरीव बाबा."