वडिवळ्यासाठी एक नांगर

"भाऊ, रोप गुडघ्याला लागलं. आता लावायचं कवा?" वडिवळ्याच्या चंद्राबाईंनी मला बांधावरच गाठलं.

मी तेव्हा शेतकी खात्यात फील्डमन होतो. लोखंडी नांगर खपवणं हे माझं काम. चंद्राबाईंच्या नवऱ्यानं माझ्या शब्दावर तो घेतला आणि जुना लाकडी नांगर चुलीत घातला. उन्हाळ्यात नवरा वारला. आणि आता ऐन आषाढात, एका दिवसापुरत्या आलेल्या गड्याच्या हातून नांगराचा फाळ, म्हणजे जमिनीत घुसणारं टोक, खडकावर आपटून मोडला.

भाताचं काम घाईचं. खाचरात पाणी कोंडायचं, ते नांगरून मऊ चिखल करायचा आणि मग रोप लावायचं. रोप जून झालं की फुटवे येत नाहीत. पेंढा मिळतो, भात नाही. बाईंच्या घरचं वर्षाचं खाणं त्या रोपात होतं.

वडगावला साहेबांकडे गेलो.

"साहेब, फाळ पाहिजे."

"लढाई चालू आहे. लोखंड तिकडे गेलंय. जुनं काही मिळतंय का बघा."

"जुनं टाका म्हणून आपणच सांगत फिरलो, साहेब."

"म्हणून तर तुम्हाला धाडतोय!"

सायकल काढली. इंदुरीत एक नांगर मिळाला, पण वाळवीनं पोखरलेला. बाकीचे सगळे चिखलात. ऐन लावणीत आपलं औत कोण सोडतो? शेवटी सोमाटण्यात एका गोठ्याच्या आढ्याला बाभळीचा नांगर टांगलेला दिसला. तेल पाजून नीट ठेवलेला. मालक एकटे आबा. बैल विकून टाकलेले, ज्वारीचा एक तुकडा तेवढा राहिलेला.

"आबा, नांगर द्या. जसाच्या तसा परत आणतो."

"औत एकटं जात न्हाई."

म्हातारा टाळतोय, असं मला वाटलं. मीही हट्टाला पेटलो. सरकारी पावती देतो म्हणालो, शिक्का मारून.

आबा हसले. "पावती नांगर धरती व्हय? बाईच्या घरी गडी कोन हाय?"

घरी गडी नव्हताच. आमच्याकडे बाई लावणी करते, कापणी करते, पण नांगर धरत नाही. तशी रीतच नाही. फाळाच्या नादात मी हे विसरून गेलो होतो. चंद्राबाईंनी सांगितलं नाही, कारण एवढं तरी सरकारी माणसाला कळत असेल, असं त्यांना वाटलं!

दुसऱ्या दिवशी तळेगाव स्टेशनवर आबा हजर. डोक्यावर इरलं, खांद्यावर नांगर.

"हे डब्यात चालणार नाही," गार्ड ओरडला. "माझ्या ब्रेकमध्ये टाका."

"टाकायचं न्हाई, ठिवायचं," आबा म्हणाले आणि गार्डच्या डब्यात नांगराशेजारी बसून कामशेतपर्यंत आले. गार्डनं आपली पेटी सरकवून जागा केली. देव त्याचं भलं करो.

वडिवळ्यात आबांनी चंद्राबाईंचे बैल जुंपले. खडक लागला की बाभळीचा नांगर नुसता उसळायचा. आबा त्याला शिव्या घालून पुन्हा दाबायचे. दिवस मावळेपर्यंत दोन्ही खाचरांचा चिखल झाला. सकाळी गावातल्या बायका लावणीला उतरल्या आणि रोप मार्गी लागलं. बांधावर मला रडू आलं. पाऊस होता म्हणून निभावलं.

चंद्राबाई आबांच्या पाया पडल्या. "आबा, ह्ये कसं फेडू?"

"ज्वारी काढाया ये. म्हातारी गेल्यापासनं लय हाल हायेत."

माघात मी सोमाटण्यावरून जात होतो. चंद्राबाई वडिवळ्याच्या बायका घेऊन आबांची ज्वारी उपटत होत्या आणि आबा बांधावरून सगळ्यांना दटावत होते. कामाची फेड कामानं, यालाच आमच्याकडे सावड म्हणतात. मी सायकल लावून बाह्या सरसावल्या. माझीही फेड बाकीच होती. त्या म्हाताऱ्यानं माझा शब्द राखला होता.

पुढे नोकरीत पुष्कळ अवजारं खपवली. पण विकण्याआधी दोन गोष्टी बघायचो: जुनं टांगायला आढं आहे का आणि शेजारी हाकेला येतो का. आढं नसलं तरी चालतं.