डाव्या चाकाचं घासणं

थोरल्या भावाची जुनी विलायती मोटार चाकणहून पुण्याला सवाऱ्या न्यायची. तिची दुरुस्ती माझ्याकडं. शाळा मी दुसरीतच सोडली, पण गाडीच्या बाबतीत कुणी मला शिकवलेलं खपत नसे, आजही खपत नाही. महाराष्ट्र राज्य व्हायच्या आधीची ही गोष्ट.

त्या साली वहिनीचे पाय गेले. पुण्याच्या दवाखान्यात दर आठवड्याला विजेचा शेक द्यायचं ठरलं. पण गाडी उंच. तिला आत बसवायचं तर दोघा पुरुषांनी उचलायचं, तेही भर पेठेत. ती लाजेनं डोळे मिटून घ्यायची. शेवटी म्हणाली, "उचलून न्यायचं असंल तर मला न्हाई जायचं."

भावानं मला मागच्या कमानींचे, म्हणजे स्प्रिंगांचे, दोन-दोन पाटे काढायला लावले. गाडी खाली बसली. मग बायकाच तिला डाव्या दारातून फळीवरून आत सरकवू लागल्या.

पहिल्याच खेपेला वाटेत मोशीच्या उतारावर डावीकडून खरखर ऐकू आली आणि रबर जळाल्याचा वास. उतरून पाहिलं तर मागच्या टायरची बाहेरची कड सोलवटलेली. भाऊ म्हणाला, "टायर फुटला तर हिला घिऊन कुठं बसू रस्त्यात? शोधून काढ."

घरी चाक जॅकवर घेऊन हलवून पाहिलं. ढिलाई नाही. कमान मोडलेली नाही. मग खायचा चुना कालवून दोन्ही मडगार्डांना आतून फासला आणि गाडी मोकळीच मोशीपर्यंत नेऊन आणली. चुना जसाच्या तसा. कांद्याची पोती मागं दोन्ही बाजूंना सारखी लावून नेली, तरी तसाच. पुढच्या खेपेला माणसं घेऊन गेलो आणि डाव्या मडगार्डाचा चुना चाकाच्या रुंदीएवढा पुसला गेला. उजवीकडं बोट लागल्याची खूण नाही.

मग माणसं बसतात कशी ते बघितलं. वहिनी उजव्या दाराला टेकून पाय लांब करायची. तिला धक्का लागू नये म्हणून तिची आई, आमची चुलती आणि दोन चुलत जावा डावीकडं एकमेकींच्या मांडीवर. बाहेर त्याच बाजूच्या पायरीवर चुलतभाऊ उभा. आमच्यात दुखणेकऱ्याला एकट्यानं नेत नाहीत, निम्मी भावकी भाकरी बांधून निघते.

"डावीकडचे पाटे परत घालतो," मी भावाला म्हणालो.

"मंग तिला उचलावं लागंल."

"तर मग माणसं कमी कर."

"सोबतीला निघाल्याल्या माणसाला उतर म्हनू? उद्या दारात कोन हुबं ऱ्हाईल?"

तो म्हणेना, म्हणून मीच म्हणालो. पुढच्या खेपेला दार धरून सांगितलं, "दोघीच बसा, बाकीच्यांनी उतरा."

चुलती म्हणाली, "आता आमची वजनं करतो व्हय रं? कांदं हाय का आमी?"

सगळे हसले. उतरलं कुणी नाही. गाडी घासतच गेली.

त्यानंतर मात्र माणसं गळायला लागली. एकीची लागवड, एकीकडं पाहुणे. भाऊ मरेपर्यंत म्हणायचा, तुझ्या तोंडापायी माणसं तुटली. मी नाही मानत. शेकानं पाय हलत नाहीत हे सगळ्यांना दिसत होतं. आधी सगळी निघत होती, ती वहिनी चालत परत येईल या आशेनं.

एका खेपेला मागं वहिनी आणि तिची आई, पुढं आम्ही दोघं भाऊ. मोशीचा उतार आला आणि गेला.

"भावजी, आज घासत न्हाई," वहिनी म्हणाली.

भाऊ रस्त्याकडं बघत बोलला, "त्यानं दुरुस्त केली."

न केलेल्या कामाचं श्रेय मी जन्मात घेतलं नव्हतं. तरी म्हणालो, "व्हय वहिनी. केली."

"मंग पुढच्या टायमाला समद्यास्नी घ्या. उगा उतरा म्हनला व्हता तुमी."

कुणाच्या दारात विनवायला जाणारा मी नव्हे. तरी आदल्या संध्याकाळी घरोघर गेलो. पाणी दिलं, बसा म्हणाले, बघू म्हणाले. सकाळी चुलती तेवढी आली, भाकरीचं गाठोडं घेऊन. वहिनीनं तिचा हात धरून ठेवला. मोशी आल्यावर चुलतीनं तो सोडवला आणि म्हणाली, "मला हितंच सोड रं, लेकीकडं जायचंय."